पाहुण्याला फणस नाही

आमच्या सासूबाई एंगल्टीना मेंडिस पाहुण्याला भात वाढतील, तळलेला मासा वाढतील, स्वतःच्या ताटातलं खोबऱ्याचं सांबोलसुद्धा वाढतील. फणस वाढणार नाहीत. अंगणात एवढं थोरलं झाड, बुंध्यापासून लगडलेलं, आणि आल्यागेल्याला एक गरा नाही! आमचं सगळं पयागल, समुद्रकाठचं सिंहली गाव, या गोष्टीला हसतं. मला हसू येत नाही, कारण मला त्याच घरात राहायचं आहे.

झाड आहे सामाईक. सासऱ्यांच्या वडिलांनी लावलं, वाटणी कधी झालीच नाही. कुणा वकिलाने अम्मांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, डोक्यात भरवून दिलं की हिस्सेदाराने फळ खाल्लं की त्याचा हक्क जिवंत राहतो, आणि खाऊच दिलं नाही तर हळूहळू मरतो. तेव्हापासून कुंपणापलीकडच्या मिसीआत्याला, म्हणजे सासऱ्यांच्या सख्ख्या बहिणीला, अम्मांनी त्या झाडाचं वाळकं पानही उचलू दिलेलं नाही. दोघींचं बोलणं बंद. वाटणीचा दावा लागला तर झाड तोडून लाकूड विकावं लागेल, ही अम्मांची एकच धास्ती. देशात तांदूळ मिळेनासा झाला होता, त्या दिवसांत त्यांनी याच फणसावर पोरं जगवली. मेंडिस हे आडनाव आम्हाला पोर्तुगीजांनी दिलं, वारशाचा कायदा डचांनी, कोर्ट इंग्रजांनी. भांडण तेवढं आमचं स्वतःचं.

अशा घरी मी पाहुणा घेऊन आले. माझीच अक्कल!

मी समुद्रावरच्या गेस्ट हाउसात कामाला आहे. तिथे उतरलेल्या एका गोऱ्याने माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि खुर्चीतून उठलाच. "मेंडिस? मी पण मेंदेस! रुई मेंदेस, लिस्बनचा!" मोबाइलमध्ये त्याने आमच्याकडच्या पाट्यांचे फोटो काढून ठेवले होते. मेंडिस बेकरी, मेंडिस टायर, दातांचे डॉक्टर मेंडिस. इतका खूश होता की मी म्हणून गेले, या रविवारी जेवायला.

अम्मांनी त्याला ओसरीवर बसवलं आणि मला चुलीपाशी ओढलं.

"कोण म्हणालीस?"

"मेंदेस. पोर्तुगालचे आहेत."

"कुठल्या मेंडिसांपैकी?"

"अम्मा, तो परदेशी आहे!"

"तुझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ बोटीवर गेले ते परत आले नाहीत, ठाऊक आहे ना? याचं नाक बघ."

"अहो, तो गोरा आहे!"

"बायको गोरी केली असेल त्यांनी. तुला काय कळतंय?"

जेवण झालं. बिचारा बोटं चाटून जेवला आणि अंगणात उतरला. झाड बघून त्याने दोन्ही हात पसरले आणि बुंध्याला मिठी मारली.

"मापं घेतोय मेला," अम्मा पुटपुटल्या.

"झाडाचं वय विचारतोय."

"सांग, लहान आहे."

"कसला गोड वास येतोय, चव घेता येईल का म्हणतोय."

"सांग, कच्चा आहे."

पिकल्या फणसाच्या वासाने सगळं अंगण भरलं होतं. मला मान वर करवेना.

तेवढ्यात कुंपणावर मिसीआत्याचं डोकं दिसलं. बोलली माझ्याशीच. "चित्रानी, विचार तुझ्या सासूला, हा नवा हिस्सेदार कुठून पैदा केला? मला बुडवायला?"

"सांग तिला," अम्मा माझ्याकडे बघून कडाडल्या, "तिनेच बोलावून घेतला असेल, आणि वर साळसूदपणा!"

एकीकडे इंग्रजीची सिंहली करून सांगायची, दुसरीकडे सिंहलीची सिंहली. माझं डोकं फिरलं. "बास करा दोघी! मी सरळ त्यालाच विचारते."

"विचारच," अम्मा म्हणाल्या. "बाप कोण, आजा कोण, आणि पाहिजे काय?"

मी विचारलं. रुईचं हसू मावळलं. बाप माहीत नाही, म्हणाला. आईही नाही. अनाथाश्रमात वाढलो. तिथल्या स्वयंपाकिणीचं आडनाव मेंदेस होतं, तेच मला लावलं. लिस्बनमध्ये मेंदेस पुष्कळ, पण कुणी कधी विचारलं नाही की तू कुठल्या मेंदेसांपैकी. इथे आल्यापासून सगळे तेच विचारतात. मला फार बरं वाटतं.

"परत सांग," अम्मा म्हणाल्या.

मी परत सांगितलं.

"म्हणजे याचं कुणीच नाही?"

"कुणीच नाही, अम्मा."

"बोटीवरच्या थोरल्यांचा कुणी नाही? नक्की?"

"नक्की."

अम्मांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, खोटं कुठे लपलंय ते शोधत असल्यासारखं. मग सुरीला खोबरेल लावलं, खालचाच एक फणस उतरवला आणि तिथेच अंगणात फोडला. कापा होता, पिवळाधमक. गऱ्यांचं ताट त्याच्यापुढे धरून मागे घेतलं.

"आधी तोंडाने कबूल कर म्हणावं. पाहुणा म्हणून खातोय."

मी शिकवलं तसं तो वेडंवाकडं बोलला. ताट मिळालं. दाढीला चीक लागला तरी तो खात राहिला, आणि खाता खाता त्याचे डोळे भरून आले. अम्मा म्हणाल्या, "सावकाश. बाधेल."

"वहिनी."

मी दचकले. मिसीआत्या या वेळी माझ्याशी बोलत नव्हती. कुंपणाची काठी घट्ट धरून उभी होती, आणि आवाज अगदी बारीक झाला होता. "वहिनी, मी पण म्हणते. पाहुणी म्हणून खाते. या घरात जन्मले तरी म्हणते. एक गरा दे."

अम्मांनी गरा उचललासुद्धा. कुंपणाकडे दोन पावलं गेल्या. मग थांबल्या.

"तुला कसा देऊ, मिसी?" त्या म्हणाल्या. "तुझा तर खरंच हक्क आहे."

मिसीआत्याने कुंपणाची काठी सोडली आणि ती आत निघून गेली. अम्मा हातातला गरा धरून अंगणात उभ्या. मला त्यांचा असा संताप आला, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांच्याकडे बघवेना.

रुईने घाबरून विचारलं, "काय झालं? माझं काही चुकलं का?"

"नाही हो," मी म्हटलं. "आमच्या घरातलं आहे."