सिस्टरची कानोली

अमरावतीतल्या कुठल्याही बेकरीत शिरलं की सिस्टरचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "हे कवा भरलं?" भाव नाही, चव नाही. काउंटरमागचा माणूस ऐटीत सांगे, "सकायीच भरलं जी, ताजं हाय." झालं, सिस्टर पिशवी काखेत मारून बाहेर. मी ओशाळून उगाच पावशेर खारी घ्यायचो.

सिस्टर माझ्या घरमालकीण. गाव नांदगाव खंडेश्वर, पण तीस वर्षं इटलीतल्या एका बेटावर म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात नर्स. निवृत्त होऊन अमरावतीत राहायला आल्या, आणि नव्या शहरात त्यांना एकच गोष्ट सापडेना. कानोली. म्हणजे मैद्याची तळलेली कुरकुरीत नळी, आत फाडलेल्या दुधाचं गोड सारण, टोकाला पाकातली संत्र्याची साल. "नयी रिकामीच ठेवा लागते बाबू," त्या मला समजावत. "खानारा समोर बसला का मंग भरा लागते. आदी भरली का मेली."

हे आपल्याकडे कोणाला पटावं? आपण शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो. एका मिठाईवाल्याने तर तोंडावर सांगितलं, "काचीत रिकाम्या नया पाहून गिऱ्हाईक काय म्हनन?" सिस्टर चिडल्या नाहीत. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "संत्रं इथलं, दूध इथलं, मैदा इथला. मंग अडते कुठी?" त्यांनी घरीही करून पाहिली, पण हात थरथरत, नळी तुटे.

उन्हाळ्यात त्यांचा पोटाचा आजार बळावला. डॉक्टरांनी हात टेकले, जेवण तुटलं. एकदा पेज बाजूला सारत त्या सहज बोलून गेल्या, "येखादी चांगली कानोली खाल्ली असती." तीस वर्षं दुसऱ्यांना भरवलेल्या बाईचं हे मागणं, आणि मला ते पुरवता येत नव्हतं. माझाच राग येई मला.

माझी नोकरी अकोल्याची, रोजचं येणं-जाणं. तिथल्या एका मिठाईवाल्याला मी आठवडाभर गळ घातली, आजारी माणसासाठी हवंय म्हणून सांगितलं, कागदावर चित्र काढून दाखवलं, दहादा बजावलं, "नळ्या वेगळ्या, सारण वेगळं." तो हो म्हणाला. डबा बसमध्ये मांडीवरून खाली ठेवला नाही.

सिस्टरपुढे बसून झाकण उघडलं. सहाही नळ्या काठोकाठ भरलेल्या, ओल्या, मऊ पडलेल्या. त्यांनी एक उचलली, एवढासा घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि नळी बशीत ठेवली. "नाई जमली," त्या म्हणाल्या. मी डबा घेऊन उठायला लागलो तसं माझं मनगट धरलं. "राहू दे. तू बस." मी बसलो. दुसरं काही मला येतही नव्हतं.

चौथ्या दिवशी सिस्टर गेल्या.

पुढच्या आठवड्यात अकोल्यात त्या मिठाईवाल्याने मला रस्त्यातून हाक मारून बोलावलं. हातातलं काम टाकून तो बाहेर आला होता. "तुमी वेगयं वेगयं सांगतलं होतं," तो जरा लाजत म्हणाला, "पन बिमार मानसाले रिकामं द्याले मन नाई झालं. म्या सोताच्या हातानं भरल्या. खाल्ल्या का त्याईनं?"

"खाल्ल्या," मी म्हणालो. "सगळ्या खाल्ल्या."