नकारालाही अंगठा

आमच्या मेडिकल कॉलेजात वाचता येणारा एकच माणूस होता आणि तो डॉक्टर नव्हता. बाकी आम्हा सगळ्यांच्या नावामागे डिग्र्यांची शेपटं होती, पण समोर आलेला कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणं आमच्यात कमीपणाचं समजत. हेडक्लार्क मात्र वाचत. त्यांचं खरं नाव कॉलेजात फारसं कोणी घेत नसे. आम्ही त्यांना 'उपरोक्त' म्हणायचो. कचेरीतला तो शब्द त्यांच्या तोंडात इतका बसला होता की कॅन्टीनमध्ये चहा गार निघाला, तर 'उपरोक्त चहा' परत जाई.

सत्तरीचं दशक सरत होतं. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, त्या सिकलसेलच्या आजारावर आमच्या विभागात संशोधन चाले. चाले म्हणजे जीप चाले. ती पारशिवनीकडच्या खेड्यांत जाई, आम्ही माणसांच्या दंडातून रक्त काढत असू आणि संध्याकाळी नागपूरला परतत असू. पैसा दिल्लीच्या एका संस्थेचा. मी त्या प्रकल्पातला संशोधन सहायक, म्हणजे दरवर्षी मंजुरी आली तर पोटाला, नाही तर घरी.

दिल्लीतल्या साहेबांना नियम बदलण्यापलीकडे उद्योग नसावा. अहवालाच्या तीन प्रती मागत, मग पाच, मग पुन्हा तीन, पण वेगळ्या नमुन्यात. आम्ही डॉक्टर मंडळी दर खेपेला दिल्लीला शिव्या देत असू आणि जुन्याच नमुन्यात अहवाल पाठवत असू. उपरोक्त शिव्या देत नसत. नवं परिपत्रक आलं की त्यातला बदललेला भाग कापून ते जुन्या नियमावर एकाच कडेनं गोंदानं चिकटवत, म्हणजे वरचा कागद उचलला की खालचा जुना नियम दिसे. काही पानं अशी सात-सात थरांची झाली होती. मी हसलो तेव्हा ते म्हणाले, "नियम मरत नाही डॉक्टर, खाली दबून राहते. कोण्या दिवशी वर येईल, सांगता येत नाही."

डॉक्टरांविषयी त्यांना मनापासून तिटकारा होता आणि तो ते लपवत नसत. आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत, सह्यांची फाईल पुढे आली की पेन चालवत आणि तोंडानं क्रिकेटचा स्कोअर विचारत. एकदा उपरोक्तांनी त्या गठ्ठ्यात एक टाइप केलेला कागद सरकवला, 'या कागदावर मी न वाचता सही केली आहे.' सरांनी सही केली, खाली तारीख घातली, शिक्काही मारायला लावला. तो कागद उपरोक्तांनी फक्त मला दाखवला आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. मला तेव्हा वाटलं, काय हलक्या मनाचा कारकून आहे.

आणि मग ते परिपत्रक आलं. ज्याचं रक्त घेतलं त्याला सगळं त्याच्या भाषेत समजावून सांगितलं पाहिजे, त्याची संमती कागदावर हवी, सही नाही तर अंगठा, आणि चालू प्रकल्पांनाही हे लागू. नाही तर पुढच्या वर्षाची मंजुरी नाही. दोन वर्षांत घेतलेल्या शेकडो नमुन्यांपैकी एकाचीही संमती आमच्याकडे नव्हती. मुदत आठवड्याची. सर म्हणाले, "अंगठेच पाहिजेत ना? मग करा व्यवस्था." आणि ते राउंडला निघून गेले.

मी व्यवस्था केली. प्रयोगशाळेतला शिपाई दौलत अंगठेबहाद्दर होता. सरकारी काम आहे, असं सांगून मी त्याला स्टँप पॅडपाशी बसवलं. एक डावा, एक उजवा, मध्येच एखादा अर्धवट, अशी माझी हुशारी. पाच वर्षं शरीररचना आणि विकृतिशास्त्र घोकून मी त्या दुपारी एवढंच करून दाखवलं. दौलतनं मध्ये एकदाच विचारलं, "साहेब, हे लोक कोन आहेत?" मी त्याला चहा मागवला.

गठ्ठा घेऊन मी उपरोक्तांच्या टेबलाशी गेलो. ते शांतपणे एकेक पान उलटत राहिले. मग एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "हा अंगठा मी दर एक तारखेले पगारपत्रकावर घेतो. विळ्यानं कापला आहे, मधात आडवी रेघ आहे. हा एकटा माणूस पारशिवनीच्या चाळीस बाया कसा झाला?"

मी म्हणालो, नियमच मूर्खपणाचा आहे, सगळीकडे असंच चालतं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "उद्या दिल्लीवाला आला तं तुम्ही काय सांगान? शिपायानं केलं म्हणान. त्याची नोकरी जाईल, तुमची राहील."

हेच उत्तर मी आदल्या दिवशी मनात तयार करून ठेवलं होतं. त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, परिपत्रकाचा शेवटचा परिच्छेद वाचला का. त्यात लिहिलं होतं की जुन्या नमुन्यांची संमती नसेल तर तसं खरं कळवावं आणि मुदत वाढवून मागावी. तो सरांनी वाचला नव्हता, मीही नाही. मुदतीचं पत्र उपरोक्तांनीच तयार केलं. सरांनी त्यावर नेहमीसारखीच सही केली. ते बनावट कागद मी बर्नरवर जाळले.

पुढच्या रविवारी ते स्वतः एस.टी.नं पारशिवनीकडच्या एका गावात निघाले. त्यांचं ते काम नव्हतं. लाज वाटून मीही गेलो. दिल्लीच्या संमतीपत्राचा इंग्रजी नमुना त्यांनी घरच्या बोलीत उतरवून घेतला होता. समाजमंदिराच्या ओट्यावर बसून तो ते सावकाश वाचत होते आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून विचारत होते, समजलं का. तपासणीचा निष्कर्ष जाणून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे, हे वाक्य आलं तेव्हा पुढे बसलेली एक बाई म्हणाली, "मंग माह्या पोरीच्या रक्तात काय निंगालं? रक्त नेल्याले दोन वर्सं झाले, कोनी सांगतलं नाही."

मला ते ठाऊक होतं. रजिस्टरमध्ये त्या मुलीच्या नावापुढे मीच लाल खूण केली होती. मुलीचे हातपाय दुखत, ती रात्रभर रडे, म्हणून घरच्यांनी तिच्या पायावर डागण्या दिल्या होत्या. उपरोक्त माझ्याकडे बघत राहिले. मी त्या बाईला आजाराचं नाव सांगितलं, पाणी भरपूर द्या, डागू नका, ताप आला की लगेच नागपूरला आणा, एवढं सांगितलं. पाच मिनिटं लागली. दोन वर्षांत ती पाच मिनिटं आमच्यापैकी कोणाला मिळाली नव्हती. बाईनं ऐकून घेतलं आणि मग संमती द्यायला नकार दिला. तिचा मला राग आला नाही, हे त्या दिवशीचं माझं एकमेव चांगलं काम. उपरोक्तांनी कागदावर नकार लिहिला आणि स्टँप पॅड पुढे केलं. "नकारालेही अंगठा लागते, बाई. तुमचा नकार मी दिल्लीले पाठवतो."

असे नकार पुष्कळ आले. सर संतापले. काही महिन्यांत उपरोक्तांची बदली मोडक्या खाटा ठेवतात त्या भांडारात झाली. त्यांच्या जागी आलेला क्लार्क आमच्यासारखाच होता, न वाचता सगळं पुढे पाठवणारा. मंजुरी मिळाली. सरांचा लेख परदेशात छापून आला. त्यात नकार दिलेल्यांचंही रक्त होतं, आणि सर्वांची समजून-उमजून दिलेली संमती घेतली आहे, असं एक वाक्यही होतं. लेखावर तिसरं नाव माझं. त्याच लेखावर मला लेक्चररची कायम नोकरी लागली.

पेढे घेऊन मी भांडारात गेलो. ते खाटांच्या ढिगाऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. लेख त्यांनी वाचलेला होता. अर्थात पूर्ण. पेढा हातात घेऊन त्यांनी फक्त विचारलं, "ते पोरगी कशी आहे?"

मी म्हणालो, बरी आहे.

त्या गावाला मी पुन्हा गेलोच नव्हतो.