सिस्टरांची खाट

सिस्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते खाटेवर निपचित पडलेलं. सांगलीत, विश्रामबागेतल्या त्यांच्या बाहेरच्या खोलीत, भरदुपारी. डोळे मिटलेले, हातपाय सोडून दिलेले. मी दारातूनच ओरडले, "आवं, पाणी आणा कुणीतरी!" त्यांची भाची शोभा आतून निवांत आली. "भिऊ नका. आत्या आता पेशंट हाय. इंग्रजीत सांगा, मग हालंल."

शाळा मी आठवीतच सोडली. तेहतिसाव्या वर्षी कवठे महांकाळहून थेट मस्कतला जायचं घाटत होतं. तिथल्या एका घरात डोळे गेलेल्या आजीबाईंना सांभाळायचं काम होतं. आजींची मुलगी महिन्याभराने व्हिडिओवर परीक्षा घेणार होती. माणूस वळवून, बसवून, पाजून दाखवायचं आणि बोलायचं सगळं इंग्रजीत. हात तयार होते, सासूबाईंचं तीन वर्षं अंथरुणात केलं होतं. जीभ मात्र लुळी.

सिस्टर मूळच्या पलूसच्या, उभा जन्म दवाखान्यात गेलेला. परदेशी निघालेल्या बायकांना त्या इंग्रजी शिकवायच्या, पण वही उघडू द्यायच्या नाहीत. स्वतः पेशंट होऊन पडायच्या. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "सिस्टर, ड्रिंक डू." त्या ताडकन उठून बसल्या.

"आगं, ही 'डू' कुठनं आणलीस? 'वॉक कर', 'रेस्ट कर' म्हणायची आपली खोड. तो 'कर' इथंच खाटंखाली ठेवून जायचा. पेल्यात हाय ते बी ड्रिंक, पी म्हणतीस ते बी ड्रिंक. वॉक, टर्न, रेस्ट, समदी तसलीच. नाव बी तेच, काम बी तेच. मी न्हाई का, नर्स हे नाव आन नर्स हेच काम!"

मुकाट्याने पेला लावला की त्या ओठ घट्ट मिटायच्या. एकदा सगळं पाणी गळ्यावरून पदरात गेलं. "माझ्या आधी तुझं तोंड उघडू दे की गं! डोळं गेलेल्या म्हातारीला काय कळणार, काय ओततीस ते?"

परीक्षेच्या दिवशी मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवला. खाटेवर सिस्टर. पडद्यावरची बाई म्हणाली, सुरू करा. आणि माझं डोकं कोरं. एक शब्द आठवेना. सिस्टर सांगणार नव्हत्या, पेशंट कुठे सांगतो? बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात सिस्टर हळूच कडेला सरकल्या. आणखी सरकल्या. आणि खरोखरच खाली घसरायला लागल्या. अडुसष्ट वर्षांची बाई! मी झेपच घेतली. "होल्ड, सिस्टर! होल्ड माय हँड! टर्न... टर्न. नाऊ रेस्ट."

काम मिळालं. मी रडतच विचारलं, "मुद्दाम घसरलात व्हय? हाड मोडलं असतं म्हंजे?"

"मग तूच केलं असतंस की माझं. शब्द तुझ्या हातात हायत गं, तोंडात न्हाईत. हात हालला की येत्यात."

मस्कतला येऊन दोन वर्षं झाली. अजून रोज सकाळी वाटतं, आज चुकेन, आज परत पाठवतील. मग आजींच्या खांद्याला हात लावते आणि शब्द येतात.

गेल्या महिन्यात शोभाचा फोन आला. सिस्टर आता खरोखरच अंथरुणाला खिळल्या होत्या. "दोन दिस झालं, पाण्याचा थेंब न्हाई घेतला. पेला लावला की तोंड मिटतीया."

"तू काही न बोलता लावतीस का?"

"मग काय बोलू?"

"फोन त्यांच्या कानाशी धर. आणि पेला ओठाला."

माझे हात इकडे, आजींच्या उशीपाशी. माझ्याकडे नुसता शब्द होता. मी म्हटलं, "ड्रिंक, सिस्टर."

मग एक घोट गेल्याचं ऐकू आलं. दुसरा गेला. आणि अगदी बारीक आवाजात, "डू न्हाई म्हणलीस. शिकलीस गं."

त्यानंतर चार दिवसांनी त्या गेल्या. ते चारही दिवस त्यांना पाणी मीच पाजलं. पेला शोभाच्या हातात असायचा.