फुलसिंगने पाहिलेली दोन घरं

तोरणमाळच्या घाटात फुलसिंग पावरा गेली एकोणीस वर्षं जीप चालवतो. जीप शहाद्याच्या एका शेठची, घाट मात्र फुलसिंगचा, असं प्रवासी म्हणतात. शाळेच्या दाखल्यावर त्याचा जन्म एक जूनचा आहे आणि त्याच्या मुलीचा, सीमाचाही एक जूनचाच. आश्रमशाळेत नाव घालायला गेलं की गुरुजी हीच तारीख टाकतात, त्यामुळे शिकलेल्या सगळ्या पाड्याचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. कुणी साजरा करत नाही म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी जीपला जागा पुरली नसती.

माणूस नाकासमोर चालणारा. घाटात बोलायचं नाही हा त्याचा नियम, आणि घाट संपल्यावरही तो फारसा बोलत नाही. चौथीपर्यंत शिकला, मग उसाच्या तोडीला गुजरातेत जाऊ लागला, तिथेच ट्रॅक्टर शिकला आणि ट्रॅक्टरवरून जीपवर आला. त्याच्या आयुष्यात यापेक्षा जास्त काही घडलं नाही असं पाड्यावर कुणीही सांगेल. एक गोष्ट घडली होती, पण तिच्याविषयी तो बोलत नसे, आणि इतरांना ती घडण्यासारखी गोष्ट वाटत नसे.

सीमा शहाद्याला होस्टेलमध्ये राहून बारावी झाली आणि तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक पुण्यातलं मोठं विद्यापीठ, जिथे हजारो मुलं असतात आणि वनस्पतीशास्त्र म्हणजे वनस्पतीशास्त्रच शिकवतात. दुसरं सह्याद्रीच्या बाजूला, एका तालुक्याच्या गावाबाहेरचं लहान कॉलेज. तिथे सगळी मिळून तीनशे मुलं, सगळी तिथेच राहणारी. वनस्पतीशास्त्रासोबत इतिहास घ्या, इतिहासासोबत गणित घ्या, वर सुतारकामही शिका.

"म्हणजे शेवटी तू होणार कोण?" कालीबाईने, तिच्या आईने, विचारलं.

"ते तीन वर्षांनी कळेल."

"कोंबडी अंड्यांवर बसवली तर काय निघणार ते आधी माहीत असतं," कालीबाई म्हणाली आणि चारोळ्या फोडायला बसली.

सीमाचं मन लहान कॉलेजवर होतं. फोनवर मुलाखत झाली तेव्हा त्यांनी तिला जंगलातल्या झाडांची पावरी नावं विचारली होती. ती चाळीस मिनिटं बोलत राहिली आणि त्यांनी तिला थांबवलं नाही. आजवर शाळेत ती पावरीत बोलली की गुरुजी थांबवत. पण दोन्ही ठिकाणं कुणी पाहिली नव्हती, आणि न पाहिलेल्या घरी मुलगी पाठवायची पद्धत पावऱ्यांत नाही. घर पाहायला जायचं तर मध्यस्थ लागतो. म्हणून फुलसिंगने उदेसिंगला सोबत घेतलं. उदेसिंग म्हणजे पाड्यावरची साठेक लग्नं जुळवलेला म्हातारा. त्यातली किती टिकली ते विचारायचं नाही.

घर पाहण्याचे उदेसिंगचे तीन नियम होते. धान्य कुठे ठेवतात ते बघायचं, पाणी किती लांब आहे ते बघायचं आणि घरातल्या सुना मोकळ्या हसतात का ते बघायचं. चौथा नियम फुलसिंगसाठी होता. मुलीच्या बापाने बोलायचं नाही. बोलायचं ते मध्यस्थाने.

पुण्यात त्यांच्याशी कुणी वाईट वागलं नाही, वागायला कुणाला वेळच नव्हता. उदेसिंगने फाटकावरच्या रखवालदाराला धान्याची खोली विचारली, त्याने चार नंबरची खिडकी दाखवली. खिडकीतल्या बाईंनी कागद तपासले, जातवैधतेचं प्रमाणपत्र उलटसुलट पाहिलं, किरकोळ फी किती आणि कधी भरायची ते सांगितलं. मुलींच्या सरकारी वसतिगृहात मात्र धडगावकडच्या चार पोरी भेटल्या. त्या पावरीत बोलल्या, त्यांनी चहा केला आणि मोठमोठ्याने हसल्या. उदेसिंगने तिसऱ्या नियमाला पूर्ण गुण दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते लहान कॉलेजात पोचले. तिथे पावरी बोलणारं एकही माणूस नव्हतं. पण प्राचार्य बाई स्वतः बाहेर आल्या, पाणी दिलं, आणि उदेसिंगने भटारखाना पाहायचं म्हटल्यावर हसत हसत घेऊन गेल्या. उदेसिंगने तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून खालचा तांदूळ वर काढून पाहिला. नळ सोडून पाहिला. भांडी घासणाऱ्या दोन मुलींना त्याने विचारलं, इथे मारतात का? मुलींना हसू आवरेना. सीमाला कुठे तोंड लपवू असं झालं.

मग सगळे बाईंच्या खोलीत बसले. बाई फुलसिंगला विचारत होत्या, तुमची काही शंका, काही काळजी? फुलसिंग खाली बघत होता. त्यांना वाटलं असेल, गरीब माणूस, बुजला आहे. तो बुजलेला नव्हता, तो रीत पाळत होता.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, हे साठ लग्नांनी उदेसिंगला शिकवलेलं होतं. त्याला बाजाराची अहिराणी येत होती, तिच्यात त्याने सरळ विचारलं, "बाई, पोर तुमले आवडनी. आते सांगा, तुम्ही काय देशात?"

बाईंना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. काय काय देणार ते त्यांनी उत्साहाने सांगितलं. शिकवणं फुकट, राहणं आणि जेवण फुकट, पुस्तकं, कपड्यांचे दोन जोड, एक लॅपटॉप, शिवाय वर्षातून दोनदा घरी जायचं भाडं. सगळं संस्था देणार. शुक्रवारपर्यंत फक्त होकार कळवायचा.

उदेसिंगने मान डोलावली आणि फुलसिंगच्या गुडघ्यावर थाप मारली. फुलसिंगने मात्र गुडघा बाजूला घेतला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पावऱ्यांत मुलीच्या बापाला हुंडा द्यावा लागत नाही. मुलाकडचे मुलीच्या बापाला देतात, त्याला देज म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, आणि शहरातले लोक त्याचं कौतुकही करतात. पण देज घेतलं की मुलगी त्या घरची झाली. तिला तिथे नांदायचं नसेल तर बापाने घेतलेलं सगळं परत द्यावं लागतं, आणि बापाने ते तोवर खाल्लेलं असतं.

परतीच्या बसमध्ये उदेसिंग रंगात आला होता. "सात पाड्यांत असं देज कुणाला मिळालं नाही," तो म्हणाला. "बैल नाही, दारू नाही, पण वरतून येण्याजाण्याचं भाडं! माझ्या उभ्या जन्मात ऐकलं नाही."

"देज नाही ते, आजा," सीमा हसत म्हणाली. "शिष्यवृत्ती आहे." मग तिने बापाकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

फुलसिंगला शिष्यवृत्ती कळत नव्हती असं नाही. आश्रमशाळेतही सगळं फुकटच होतं. पण ते सरकार देतं, आणि सरकारला तुमचं तोंड ठाऊक नसतं. या बाईंना सीमाचं नाव ठाऊक होतं. त्यांनी तिला पाणी दिलं, समोर बसवलं आणि मग काय काय देणार ते सांगितलं. असं नाव घेऊन देणारा माणूस नाव घेऊन मागतो, हे त्याने पाहिलं होतं.

त्याची थोरली बहीण फुलीबाई. तिच्या देजातून बापाने बैलजोडी घेतली होती. दुसऱ्या वर्षी फुलीबाई पाठीवर वळ घेऊन घरी आली, म्हणाली, मी तिथे जात नाही. पंच बसले. पंच म्हणाले, जाऊ नकोस, देज परत करा. बैलांतला एक तोवर दरीत पडून मेला होता. बाप गप्प बसला, कारण मुलीच्या बापाने बोलायचं नसतं, आणि बोलायला तोंडही नव्हतं. मग तिला परत सोडायला कोण जाणार, तर फुलसिंग. अठरा-एकोणीस वर्षांचा होता. दिवसभराची वाट होती. नवऱ्याच्या घरचं छप्पर दिसल्यावर फुलीबाईने भावाला म्हटलं, आता तू जा, नाहीतर तुला अंधार होईल. ती तिथेच नांदली, तिला मुलं झाली, नवरा मेला. फुलसिंगला त्या दिवसाची लाज आजही वाटते, आणि त्या लाजेला त्याने कधी कुणासमोर नाव दिलं नाही.

घरी आल्यावर तो म्हणाला, "पुणे."

"का?" सीमाने विचारलं.

"तिथं आपण भरतो. भरलं की सुटलो. तुला नको वाटलं तर उठून ये, कुणी काही म्हणणार नाही."

"मला दुसरीकडे जायचंय, बा. पुण्यात चार पोरी आपल्या आहेत ते खरं. पण मला तिथं वर्षभरात कुणी काही विचारणार नाही."

"नको विचारू दे."

दोन दिवस बाप-लेक वेगवेगळ्या वेळी जेवली. कालीबाईने दोघांनाही वाढलं आणि दोघांच्याही बाजूने एक शब्द काढला नाही. बुधवारी फुलीबाई आली. भाची लांब चालली म्हणून तिला भेटायला, डोंगर ओलांडून, साठीला टेकलेली बाई पायी आली. तिला पाहून फुलसिंग उठून बाहेर गेला, आणि सीमाला जे इतके दिवस कळलं नव्हतं ते आईने चुलीपाशी चार वाक्यांत सांगितलं.

सीमा बाहेर गेली. बाप जीपच्या चाकाला टेकून बसला होता.

"कॉलेजातल्या बाईंना विचार ना," ती म्हणाली. "मी अर्ध्यातून आले तर काय परत द्यायचं ते. द्यावं लागेल म्हणाल्या, तर मी पुण्याला जाईन. पण विचार तू. उदेसिंग आजा नाही."

मुलीच्या बापाने बोलायचं! उदेसिंगला हे कळलं तेव्हा तो इतका चिडला की त्याने विडी उलट्या टोकाने पेटवली. पण बोलायचंच असेल तर पंचांसमोर बोललं पाहिजे, असं त्याने बजावलं. फोनवरचा शब्द म्हणजे शेंडा ना बुडखा, उद्या बाई म्हणाल्या मी बोललेच नाही, तर?

म्हणून गुरुवारी सकाळी फुलसिंग, उदेसिंग, पंच म्हणून पाच म्हातारे, कालीबाई, फुलीबाई आणि सीमा असे सगळे पाड्यामागच्या टेकाडावर चढले. रेंज तिथेच येते. सीमाने नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन बापाच्या हातात दिला.

फुलसिंगने फोन स्टिअरिंगसारखा दोन्ही हातांनी धरला आणि जीपवर शिकलेल्या अहिराणीत सुरुवात केली.

"बाई, मी फुलसिंग बोलस. सीमाना बाप."

"बोला, बोला! तुमचा आवाज पहिल्यांदाच ऐकते."

"पोर तुमनाकडे वनी, आनि तिले नही करमनं. तिनी सोडी दिधं, घर निंघी वनी. मंग आमले काय परत देनं पडी?"

"परत द्यायचं म्हणजे?"

"तुम्ही जे देशात ते. जेवण, पुस्तकं, भाडं. बठ्ठं."

पंचांतल्या एकाने रेंज गेली की काय म्हणून आकाशाकडे पाहिलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "फुलसिंगभाऊ, काहीही परत द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी आली तरी नाही, तिसऱ्या वर्षी आली तरी नाही. तिला राहायचं नसेल तर ती येईल, एवढंच. भाडं आम्ही देऊ."

उदेसिंगने पंचांकडे पाहिलं. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. असा करार त्यांच्यापैकी कुणी कधी ऐकला नव्हता, आणि त्यात खोट कुठे आहे ते त्यांना सापडत नव्हतं. सीमाने डोळे पुसले. फुलसिंग फोन तिला परत देणार, तोच मागून कुणीतरी त्याचा सदरा धरला.

फुलीबाई होती. ती शाळेत गेली नव्हती, बाईंचं मराठी तिला अर्धंच कळलं होतं.

"काय म्हणाली ती?" तिने पावरीत विचारलं.

फुलसिंगने सांगितलं.

"असं म्हणाली?"

"हो."

"पुन्हा विचार."

फुलसिंगने फोन परत तोंडाशी धरला. "बाई," तो म्हणाला, "आखो एकदाव सांगा. मन्ही बहीण ऐकी ऱ्हायनी."