गळ्याशी जाणारा हात

शहाण्णवच्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं, की आता औषध नाही. दुपारी मी तिला फ्रीमाँटला घरी आणलं.

हे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. आम्ही नागपूरचे बौद्ध. अंगात येणं, भानामती, पितर... बाबांनी हे सगळं उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं आणि मीही ते कधी आत घेतलं नाही. आजही घेतलेलं नाही. झालं तेवढं सांगते.

घरी आल्यावर आईनं एकच गोष्ट मागितली. तिच्या आजीची आई काळ्या पाण्यावर गेली होती. नवऱ्याला विष घातल्याचा आरोप. खरंखोटं कोणाला माहीत नाही. मागे सहा महिन्यांची मुलगी राहिली — माझी पणजी. ती मामाकडे वाढली. त्या बाईचं नाव घरात कोणी घेतलं नाही, म्हणून ते उरलंच नाही.

"तिले पोरीची आठवण राहिली असन का, एवढं पाह्य," आई म्हणाली.

मी लायब्ररीतून पुस्तकं आणली. अंदमानात बायका होत्या, सूत कातायच्या, एवढं कळलं. पण नावाशिवाय एकीला शोधायचं कसं?

"एवढा कॉम्प्युटर शिकली तू, अन् एक बाई सापडत नाही का व?"

शेवटी माझ्या नवऱ्यानं, अशोकनं, ऑफिसातून इंटरनेटच्या एका न्यूजग्रुपवर विचारलं — पोर्ट ब्लेअरचं कोणी आहे का? उत्तर फ्रीमाँटमधूनच आलं. एका इंजिनियरची आई तिकडून मुलाकडे आली होती. कैद्यांच्याच वंशातली. रविवारी दुपारी मुलगा त्यांना आमच्याकडे सोडून गेला. नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. मी त्यांना मावशी म्हटलं.

"तुम्हारी नानी ने भी खून किया था क्या?" आईनं बसल्याबसल्या विचारलं. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"दो," मावशी म्हणाल्या. "सास और देवर."

दोघी हसल्या. कितीतरी दिवसांनी आईचं हसू ऐकलं.

थोड्या वेळानं आई थकली. सोफ्यावर आडवी होताना तिनं नेहमीसारखा हात गळ्याशी नेला, काहीतरी उचलल्यासारखं केलं, खांद्यामागे सारलं आणि मग डोकं टेकलं. लहानपणापासून मी हे पाहत आले होते. बाबा गेल्यावर तिच्या गळ्यात काही नव्हतं. मला वाटायचं, मंगळसूत्राची जुनी सवय.

मावशी पुढे वाकल्या. "ये क्या हटाया आपने?"

"आदत है. मेरी माँ भी करती थी. उसकी माँ भी."

मावशींनी स्वतःच्या गळ्याभोवती बोट फिरवलं. कैद्यांच्या गळ्यात लोखंडी कडं असायचं, त्यात लाकडी बिल्ला. झोपतानाही निघत नसे. हनुवटीखाली टोचायचा, म्हणून तो मागे सारून मग आडवं व्हायचं. त्यांच्या नानीचं कडं कापून कित्येक वर्षं झाली होती, तरी मरेपर्यंत ती असंच करायची. "बिलकुल ऐसे ही."

आई कुशीवर वळली. मग मला म्हणाली, "पण माही आजी तर सहा महिन्यांची होती. माय गेली तेव्हा गळ्यात कडं कुठं होतं? आजीनं कोणाचं पाह्यलं मग?"

"कोइन्सिडन्स असेल, आई," अशोक म्हणाला.

"असन, जावई." तिचा हात अजून गळ्यावरच होता. "लय जड असन व ते..." आणि जरा वेळानं, "आठवण होती तिले."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला.

एप्रिलमध्ये आई गेली. बुद्धवंदनेला मावशी आल्या होत्या, मागच्या रांगेत बसल्या.

महिन्याभरानं एका दुपारी मी जरा पडले, तर अशोकनं विचारलं, "हे तू कधीपासून करायला लागलीस?" मला कळलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय. त्यानं करून दाखवलं.

मी मंगळसूत्र कधी घातलं नाही. साखळीही नाही. आईची सवय उचलली म्हणा. आईनं आजीची उचलली, आजीनं पणजीची. पणजीपाशी येऊन मी थांबते. तिच्यापुढे कोणी नव्हतं.

त्या बाईचं नाव मिळालेलं नाही. ती कुठे मेली, तेही नाही. आडवी होताना माझा हात गळ्याशी जातो. तिथे काही नसतं.