खाली बसवलेला दोन

मी लिहिलेल्या रसायनशास्त्राच्या गाइडची पानं नवी पेठेतला एक लग्नपत्रिकावाला लावत होता. कपाळावर आडवं भस्म, उजवा हात माऊसवर, डावा चहाच्या ग्लासावर. पत्रिकेत मामाचं नाव काकाच्या खाली गेलं की घरात रुसवे होतात, या धास्तीत त्याचा जन्म गेलेला. त्यामुळं पाण्याच्या सूत्रातला दोन मी बारीक आणि ओळीच्या जरा खाली मागितला, तेव्हा तो हळहळला.

“एच आणि ओ वर खुर्चीत, आणि ह्यानं खाली बसायचं व्हय? बरं दिसत न्हाय, सर.”

पुढच्या प्रुफातही सगळे आकडे मानानं वरच. सल्फ्युरिक ॲसिडातला चार तर त्यानं ठळक केला होता.

“दोनापेक्षा थोरला हाय की!”

मी टेबलावर हात आपटला. “मला बारीकच पाहिजे! आणि खालीच!”

त्यानं सगळे आकडे खाली उतरवले.

वर्षभरानं भाच्याच्या लग्नाची पत्रिका त्याच्याकडंच छापली. निमंत्रकांत बाकीचे मामा ठळक. माझं नाव तेवढं बारीक, ओळीच्या जरा खाली. मी तणतणत दुकानात गेलो.

त्यानं आदरानं उठून मला स्वतःची खुर्ची दिली.

“तुमाला तसंच लागतंय न्हवं, सर? मी ध्यानात ठिवलं.”