खांद्यावरची बोटं

माझ्या अप्पांचा एकही धड फोटो नव्हता, आणि त्याला दुसरं कुणी नाही, अप्पाच जबाबदार होते. सरस्वतीपुरममध्ये त्यांचं शिवणाचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकांना आरशासमोर उभं करून "अंग सैल सोडा, सर" म्हणणारा हा माणूस कॅमेरा दिसला की श्वास रोखायचा, हनुवटी वर करायचा आणि चोरीच्या आरोपाखाली उभं केल्यासारखा बघायचा. आधारकार्डापासून माझ्या लग्नाच्या अल्बमपर्यंत सगळीकडे तोच चेहरा.

ते गेले तेव्हा तेराव्याला लावायचा फोटो शोधायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मी एकुलती एक, आणि घरात कॅमेरा बाळगणारीही मीच. रविवारच्या एका क्लासला जाऊन मी फोटोग्राफी शिकले होते आणि त्याची थोडी मिजासही होती. बोगादीच्या माझ्या घरी लॅपटॉप उघडून बसले. चाळता चाळता एक फोटो सापडला, ज्यात अप्पा तोंड उघडून हसत होते.

तो आईअप्पांच्या गच्चीवरचा. त्या दिवशी आईनं सांडगे घातले होते आणि कावळे हाकायला अप्पांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. मी "इकडे बघा, इकडे बघा" म्हणून ओरडत होते आणि दोघांपैकी कुणी माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं. आई शेजारी उभी राहून अप्पांच्या खांद्यावर चिकटलेला दोरा काढत होती. शिंप्याच्या अंगावर कुठंतरी दोरा असायचाच आणि तो काढणं हे तिचं रोजचं काम. ती म्हणाली, "तुमच्या अंगावरचे दोरे जमवले असते ना, तर एव्हाना एक चादर झाली असती." अप्पा मान वळवून तिच्याकडे बघून हसले, आणि माझ्याकडून बटण दाबलं गेलं.

फोटो म्हणून तो भिकार होता. गच्चीचा कठडा तिरपा, कपडे वाळत घालायची तार अप्पांच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडलेली, दोघांच्याही चेहऱ्यांवर पाण्याच्या टाकीची सावली, कोपऱ्यात निळी बादली. मी कठडा सरळ केला. तार पुसली. अप्पांचा सावलीतला गाल हळूहळू उजळला, तो मेणाचा दिसायला लागला तेव्हा पुन्हा थोडा काळवंडू दिला. मग चारी बाजूंनी कापायला घेतलं. बादली गेली, सांडगे गेले आणि आईही गेली, कारण हार घालायच्या फोटोत जिवंत माणूस ठेवत नाहीत. एवढं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

पण आईची चार बोटं आणि मनगटावरच्या हिरव्या बांगड्या अप्पांच्या खांद्यावर राहिल्या. आणखी आत कापावं तर खांदाच जात होता, आणि खांदा गेला की माणसाचं नुसतं मुंडकं उरतं. खरं सांगायचं तर मला ती बोटं आवडली होती. खांद्यावर कुणाचा हात असला की माणूस घरातला वाटतो. मी तसाच प्रिंट काढला.

तेराव्याला आलेला जो तो म्हणत होता, काय सुंदर फोटो, अगदी आता बोलतील असे. मी त्या दुःखातही जरा फुगलेच. मग सरगूरची आत्या, अप्पांची थोरली बहीण, चष्मा लावून फोटोपुढे वाकली.

"अगं, हा हात कुणाचा?"

"आईचा."

"अय्यो देवरे! जिवंत बाईचा हात हाराखाली? आणि तोही बांगड्या भरलेला?"

दहाव्या दिवशी आईच्या हातातल्या बांगड्या याच आत्यानं उतरवल्या होत्या. न फोडता, दार लावून घेऊन, स्वतःच हमसून रडत. आता आई मोकळ्या मनगटांनी फोटोसमोर बसली होती आणि फोटोत तिचाच हात भरलेला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी चक्क फ्रेम करून मांडलं होतं.

आत्यानं हार वर सरकवून बोटं झाकली. दुपारपर्यंत फुलं सुकली, हार आक्रसला आणि बोटं पुन्हा बाहेर आली. ती उठून हार सारखा करायची, जरा वेळानं पुन्हा उठायची. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आत्या, फोटोतल्या हातानं काय होणार आहे?"

"काही न होवो गं बाई. पण माझा भाऊ गेला. आता वैनीही गेली तर मी माहेर म्हणून कुणाच्या दारात येऊ?"

पुढच्या वेळी हार सारखा करायला मीच उठले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आईला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, साधाच आहे, दगदग झाली, जागरणं झाली. औषधानं ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. ताट समोर आलं की आई तोंड फिरवायची. आत्या तिच्यासाठीच राहिली होती. ती नुसती फोटोकडे बघायची आणि मग माझ्याकडे. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. पुराव्याशिवाय काही मानू नका, असं मुलांना बजावत असते. आणि मला भीती वाटली. दुपारी आई झोपली असताना मी तिच्या उशाशीच लॅपटॉप घेऊन बसले आणि तिचा हात पुसायला घेतला.

एकेक बोट काढायचं आणि तिथं दुसऱ्या खांद्यावरचं कापड आणून बसवायचं. शर्ट पट्ट्यापट्ट्यांचा, अप्पांनी स्वतः शिवलेला, खांद्याच्या शिवणीवर पट्टा पट्ट्याला भिडलेला. तिथं चूक दिसली असती तर त्यांनी सगळं उसवायला लावलं असतं. म्हणून मी चित्र मोठं करत करत एकेक पट्टा जुळवत गेले. बांगड्या सगळ्यांत अवघड गेल्या. त्या पुसल्या तरी त्यांची हिरवट झाक अप्पांच्या मानेवर उरली होती. मध्येच आईनं झोपेत हात हलवला आणि मी दचकून लॅपटॉप मिटला.

नवा प्रिंट फ्रेममध्ये बसवल्यावर आत्यानं हात जोडले. ताप दोन दिवसांत गेला. तो जाणारच होता, असं मी स्वतःला सांगितलं. आत्या निश्चिंत मनानं सरगूरच्या बसमध्ये बसली.

मग एका सकाळी आई चष्मा घेऊन फोटोसमोर बसली. "पट्टे छान जुळवलेस," ती म्हणाली. मला फार बरं वाटलं. ती बघतच राहिली.

"पण हे आता कुणाकडे बघून हसतायत?"

"तुझ्याकडेच की. समोरच तर बसलीयस."

"समोर कुठं? ते बाजूला बघतायत." ती खुर्ची धरून उठली, फ्रेमच्या बाजूला सरकून बसली, मान तिरपी करून पाहिलं. तिथूनही जमेना. थोड्या वेळानं म्हणाली, "तो अख्खा फोटो पुसून टाकलास का गं?"

"नाही. आहे."

"मग ठेव जपून. मी गेले की तो लाव. तेव्हा कुणी काही म्हणणार नाही. वन्संही नाही म्हणणार."

मी तिच्यावर ओरडले. असलं अभद्र बोलायचं नाही, पुन्हा बोललीस तर मी इथं पाऊल टाकणार नाही, असं वाट्टेल ते बोलले आणि रडले.

"साकु, साकु. सुम्ने, उगाच का ओरडतेस?" ती शांतपणे म्हणाली. "फोटोचंच तर विचारलं."

पुढच्या वेळी गेले तेव्हा फ्रेमशेजारचं कॅलेंडर भिंतीवर नव्हतं. कुठं गेलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "स्वयंपाकघरात लावलं. इथं मोठी फ्रेम बसायला पाहिजे ना."

आता आई ठणठणीत आहे. विठ्ठलाच्या देवळात भजनाला जाते, माझ्यासाठी सांडग्यांचे डबे भरते. मी मात्र त्या घरी गेले की भिंतीकडे पाठ करून बसते. तो अख्खा फोटो तसाच पडलाय, कठडा तिरपा, तार कानातून गेलेली, आईचा चेहरा सावलीत. एका बैठकीचं काम आहे. मला ती फाइल उघडवत नाही.

आई अधूनमधून विचारते, "झाला का गं तो तयार?"

"नाही अजून," मी सांगते. "खूप काम आहे त्यात."